नुसतं आमेन नको

धाकटी काकू: काल रात्री मी आपल्या या फॅमिली ग्रुपवर लिहिलं होतं. आईंना बरं नाही, बाळ झोपत नाही, प्रार्थनेला बसलं की तोंडून शब्द निघत नाही. देव या घरात आहे असं हल्ली जाणवतच नाही. सकाळी बघते तर खाली नुसते जोडलेले हात आणि आमेन. देव जाणवत नाही याला आमेन?

थोरले काका: सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आज रात्री ८ वाजता कुटुंबप्रार्थना. लिंक वर दिली आहे. बायबलमधले वचन, इब्री १०:२५. वेळेवर यावे.

आत्या: दादा, आधी तिने काय लिहिलंय ते वाच.

थोरले काका: वाचलं. म्हणूनच सांगतोय, प्रार्थनेला या.

मधले काका: वाचलं असतंस तर आमेन टाकलं नसतंस. पहिलं आमेन तुझंच आहे.

थोरली काकू: अगं, आमेन म्हणजे आम्ही तुझ्या बरोबर आहोत एवढंच. इतकं मनाला लावून घेऊ नये. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली होती, तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसली. तूही थोडा वेळ काढून शांत बस. मी अनुभवाने सांगते, शांती मिळते.

धाकटी काकू: जाऊबाई, मी बसल्यावर आईंची चादर कोण बदलणार?

आत्या: मार्थेला सगळे लूकच्या १०व्या अध्यायातच का सोडून देतात? योहान ११ वाचा. भाऊ मेलाय, घरात रडारड आहे, आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, हे स्पष्ट कबूल करते ती मार्थाच. पुढच्याच अध्यायात ती पुन्हा वाढायला उभी आहे. तेव्हा प्रभू तिला काही बोलल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

थोरली काकू: मी चांगल्यासाठीच म्हटलं होतं.

आत्या: वाईटासाठी म्हटलं असं कोण म्हणतंय.

दादा: काकू, ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधू होते, पॅरिसच्या मठात. १६९१ साली वारले. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबले. त्यांचं म्हणणं होतं की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ त्यांना वेगळी वाटतच नाही. भांड्यांच्या आवाजातही देव तेवढाच जवळ.

धाकटी काकू: मठात तान्हं बाळ नव्हतं.

मधले काका यांनी हा मेसेज डिलीट केला.

आत्या: डिलीट केलास तरी मी वाचलं. ती कुणाची सासू असेल, तुझी आई आहे.

मधले काका: गंमत होती गं. सॉरी वहिनी.

दादा: बरं, मग सुझाना वेस्ली. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. १९ बाळंतपणं झाली, ९ मुलं तान्हेपणीच गेली. सांगतात की प्रार्थना करायची असली की ती तिथेच एप्रन डोक्यावर ओढून घ्यायची आणि मुलांना कळायचं, आता आईला हाक मारायची नाही.

धाकटी काकू: हे आवडलं. पण आमच्याकडे डोक्यावर काही घेतलं तर बाळाला वाटतं मी खेळतेय.

मधले काका: हसू नको तर काय करू आता? ही खरी साक्ष आहे.

थोरले काका: आज रात्री ८ वाजता कुटुंबप्रार्थना. लिंक वर आहे. इब्री १०:२५, आपले एकत्र मिळणे सोडू नये.

आत्या: दादा, २५ च्या आधी २४ आहे. प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन येईल असं एकमेकांकडे लक्ष द्यावं, असं तिथे आहे. आधी लक्ष द्यायचं, मग एकत्र यायचं. तू दर वेळी २५ पासूनच सुरू करतोस.

थोरले काका: मला शास्त्र शिकवू नकोस. आप्पा गेल्यापासून ही प्रार्थना मी चालू ठेवली आहे. कोण येतं, कोण कॅमेरा बंद करून बसतं, मला सगळं माहीत आहे.

थोरली काकू: खरं आहे. आप्पा असताना दिवेलागणीला सगळे एकत्र बसायचे. कोणाला बोलवावं लागत नव्हतं.

मधले काका: आप्पांचा विषय निघालाच आहे तर त्यांचं पवित्र शास्त्र कुठे आहे? ते माझ्याकडे येणार असं ठरलं होतं.

थोरले काका: सुरक्षित आहे. आजचा तो विषय नाही.

मधले काका: गेल्या नाताळातही तो विषय नव्हता.

थोरली काकू: कपाटात व्यवस्थित गुंडाळून ठेवलंय भाऊजी. तुमच्याकडे राहिलं असतं का नीट?

मधले काका: मला पुस्तक मिरवायचं नाही. त्यात कडेला आप्पांनी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. धाकट्याचा ताप उतरला. पाऊस आला. दोघांचं भांडण मिटलं. स्तोत्रांच्या बाजूला असल्या साध्या गोष्टी. देवाने काय केलं हे विचारलं की आप्पा ते दाखवायचे. मला ते हवंय.

आत्या: हे तू आधी कधी बोलला नाहीस.

मधले काका: कोणी विचारलं नाही.

ताई: मी ड्युटीवरून आत्ता आले, सगळं वाचलं. काकू, तुझ्या मेसेजला मी काल उत्तर दिलं नाही कारण दोन ओळींत उरकायचं नव्हतं. स्तोत्र ८८ वाच. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, आणि ते देवाशीच बोलतंय. वॉर्डात रात्री मला हे स्तोत्र फार आधाराचं वाटतं. देव जाणवत नाही असं देवालाच सांगणं, ही सुद्धा प्रार्थनाच आहे. तुझे शब्द निघत नाहीत असं नाही. काल तू जे लिहिलंस तेच तुझे शब्द.

धाकटी काकू: हे वाचून बरं वाटलं गं.

थोरली काकू: पण असं निराशेचं वाचत बसू नये. स्तोत्र २३ वाच.

ताई: काकू, दोन्ही वाचावीत ना. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

मधले काका: हे थोरल्याने पिन करून ठेवावं.

थोरले काका: टोमणे पुरेत. रात्री ८ वाजता भेटू.

मी: एक बोलू का, मी लहान आहे तरी. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली जाऊन मरण मागतो, १ राजे १९. देव लगेच डोंगरावर बोलावत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, भाकर आणि पाणी समोर असतं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला देतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू येते तो प्रसंग खूप नंतर येतो. त्याची निराशा घालवायला देवाने पहिल्यांदा वचन पाठवलं नाही, जेवण आणि झोप पाठवली. आपण काकूला फक्त वचनंच पाठवतोय.

आत्या: कोण म्हणतं लहान आहेस.

दादा: आणि मार्क २. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, गर्दी होती म्हणून छप्पर उघडून खाली सोडलं. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं तिथे आहे. त्यांचा. खाटेवरचा माणूस स्वतः काही बोलल्याचं त्या प्रसंगात नाहीच. काकूला प्रार्थना जमत नसेल तर तेवढे दिवस आपण उचलायचं.

मधले काका: छपरातूनच यावं लागेल. बाळ झोपलंय, बेल वाजवू नका अशी पाटी धाकट्याने दारावर लावलीय.

आत्या: तरी जायचं. आई आपल्या चौघांची आहे. सांभाळायला एकट्या वहिनी, हे मी आधीही बोलले होते. तेव्हा सगळे म्हणाले, धाकट्याचं घर मोठं आहे.

थोरली काकू: माझे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत.

आत्या: गुडघ्यांबद्दल कोणी बोललं नाही वहिनी. बसून बाळाला मांडीवर घेता येतं.

धाकटा काका: मी सगळं वाचतोय. एक सांगायचं राहिलं होतं. परवा रात्री आईला माझं नाव आठवत नव्हतं, मला कोण तुम्ही म्हणाली. तिला शांत करायला मी स्तोत्र २३ म्हणायला लागलो. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे एवढंच म्हटलं आणि पुढचं सगळं तिनेच म्हटलं. न अडखळता, शेवटपर्यंत. मग माझा हात धरून झोपली. मला त्या खोलीतून उठवेना.

ताई: वॉर्डात हे कितीदा पाहिलंय. लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं.

धाकटी काकू: हे मला का सांगितलं नाहीत?

धाकटा काका: तू झोपली होतीस. किती दिवसांनी झोपली होतीस. उठवावंसं वाटलं नाही. सकाळी बाळाच्या गडबडीत राहून गेलं.

धाकटी काकू: मी इथे देव नाही देव नाही म्हणून लिहितेय आणि पलीकडच्या खोलीत आई स्तोत्र म्हणत होत्या. उठवलं असतंत तरी चाललं असतं. यापुढे असं काही झालं तर मला उठवायचं.

धाकटा काका: बरं.

आत्या: स्तोत्र तर तिने आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. भांडी घासता घासता. चुकलं की हात न थांबवता पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात आहे ना, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला. आईने वेगळी वेळ कधी काढलीच नाही. तिच्याकडे नव्हतीच.

थोरले काका: मला वाटायचं ते आप्पांनी शिकवलं.

आत्या: आप्पा संध्याकाळी म्हणून घ्यायचे. शिकवलं आईने.

मधले काका: दादा, शांत झालास?

थोरले काका: शनिवारी रात्री मी तिकडे येतो. आईजवळ मी बसेन. प्रार्थना लिंकवर नको, तिच्या खोलीतच घेऊ. ज्यांना जमेल त्यांनी या.

आत्या: रविवारी मी. उपासनेनंतर थेट.

ताई: बुधवारी माझी सुट्टी आहे. रात्र मी काढते, बाळही माझ्याकडे द्या.

थोरली काकू: मी शनिवारी यांच्याबरोबर येईन. बाळाला मांडीवर घेईन.

आत्या: मधल्या?

मधले काका: येतो. सोमवारी. पण आप्पांचं पवित्र शास्त्र?

थोरले काका: शनिवारी घेऊन येतो. ते आता आईच्या खोलीत राहू दे. तुला कडेचं वाचायचं असेल तर तिथेच येऊन वाच. तिलाही वाचून दाखव.

मधले काका: मान्य. पण फोटो काढणार.

थोरले काका: काढ. फ्लॅश नको, पानं पिवळी झालीत.

थोरली काकू: ग्रुपवर लगेच टाकू नका म्हणजे झालं. आधी आईंना दाखवा.

धाकटी काकू: सगळे एकाच दिवशी येऊ नका, ठरल्याप्रमाणे या. बेल वाजवायची नाही, दार नुसतं लोटलेलं असेल. आईंना रात्रीची गोळी ९ वाजता, नंतर त्या डाव्या कुशीवर झोपतात. उशी पाठीशी लावावी लागते. भाऊजी, शनिवारी तुम्ही आल्यावर मी आत जाऊन झोपणार आहे. प्रार्थना तुम्ही करा, मला मध्ये उठवू नका. फक्त आई काही म्हणाल्या तर उठवा.