फायटर सगळ्यांचं खातोय, कोरींना काय उरतच नाही

मंगळवारपेठकर:
दोन फुटी टँक, साधारण ५५ लिटर पाणी. त्यात एक निळा फायटर (बेट्टा मासा), आठ निऑन टेट्रा (छोटे मासे), पाच कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे, थोडक्यात कोरी. फायटर थोरल्या पोरीचा, नाव 'तात्या'. भांडकुदळ नाही, कुणाच्या शेपटीला तोंड लावत नाही. तक्रार खाण्याची आहे.

फ्लेक्स टाकले की तात्या आधी वर. स्वतःचं खातो, टेट्रांचं खातो आणि मग खाली उतरून कोरींची गोळी तोंडात धरतो. मावत नाही, थुंकतो, परत धरतो. कोरी बिचाऱ्या कोपऱ्यात बघत बसतात. गेल्या आठवड्यात त्याचं पोट टम्म फुगलं आणि गडी तिरका पोहायला लागला. दोन दिवस उपाशी ठेवला तेव्हा उतरलं. दुकानदार म्हणाला, उकडलेला वाटाणा घाला. आई म्हणते, मुक्या जनावराला उपाशी मारतोयस. काय करू?

शाहूपुरीचा टँक:
भावा, आधी सांग, खायला घालणारे हात किती? फायटरचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं. सकाळी दोन-तीन दाणे, संध्याकाळी तेवढेच, बास. आठवड्यातून एक दिवस काही दिलं नाही तर मरत नाही.

वाटाण्याचा नाद सोड. हा मांसाहारी मासा, पाण्यावरचे किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा. द्यायचंच तर डाफ्निया (पाण्यातले बारीक जीव) दे, पोट साफ व्हायला ते बरं.

माझी पद्धत सांगतो. पाच मिनिटं फिल्टर बंद करायचा, नाहीतर दाणे टँकभर फिरतात. डाव्या कोपऱ्यात काचेवर बोट टेकवायचं आणि तिथंच एकेक दाणा टाकायचा. माझा फायटर चार-पाच दिवसांत शिकला, आता बोट दिसलं की हजर. तो तिथं गुंतला की उजव्या टोकाला टेट्रांसाठी फ्लेक्स, बोटांनी पार चुरून. टेट्राचं तोंड केवढं ते बघ की.

कोरीवाली ताई:
कोरींचं रात्री बघा. लाइट घालवा, वीस मिनिटं थांबा आणि मग बुडणारी गोळी मोडून दोन-तीन ठिकाणी टाका. अंधारात फायटर पानावर झोपलेला असतो. कोरी मिशांनी चाचपून बरोबर शोधतात. सकाळी उरलेलं दिसलं तर नळीनं ओढून काढा, तसंच कुजू दिलं तर पाण्यात विषारी अमोनिया वाढतो.

आणि कोरी 'घाण खातात' असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. माझ्या पहिल्या तीन कोरी त्याच भरवशावर उपाशी मेल्या. अजून वाईट वाटतं.

रंकाळ्याकाठचा:
हीटर आहे का? थंडीत आपल्याकडं रात्री पाणी लई गार पडतं, मग माशाला खाल्लेलं पचत नाही. २५-२६ डिग्री ठेवा.

मंगळवारपेठकर:
हीटर आहे, २६ वर. हातांचा प्रश्न मात्र नेमका निघाला. पोरगी शाळेला जाताना घालते, मी घालतो आणि आई पूजा झाली की गुपचूप चिमूटभर! म्हणजे तात्याचं दिवसातून तीनदा जेवण.

आईच्या बीपीच्या गोळ्यांची जुनी डबी होती, सात वारांचे सात खण. रोज रात्री उद्याचे सहा दाणे त्या खणात ठेवतो. खण रिकामा दिसला की कुणी हात लावायचा नाही. नऊ दिवस झाले, पोट सपाट आहे. काल रात्री बॅटरी लावून बघितलं, पाचही कोरी गोळीला चिकटल्या होत्या आणि तात्या वर पानावर आडवा.

शनिवारचा खण मुद्दाम रिकामा ठेवलाय. आईचाही शनिवारचा उपास असतो, त्यामुळं तिला ते लगेच पटलं. फक्त ती विचारतेय, साबुदाण्याचा एक दाणा चालतो का?

शाहूपुरीचा टँक:
काकूंना सांग, नाही चालत.