मदत हवी आहे: गुऱ्हाळाच्या हिशोबाचं अ‍ॅप, चाचणी कशी घ्यावी?

मंडळी, कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांसाठी आधणं (काहिलीत एका वेळी कढवलेला रस), रवे (गुळाच्या ढेपा) आणि अडत्याच्या पट्टीचा (गूळ विकल्यावर अडत्या देतो त्या हिशोबाच्या कागदाचा) हिशोब ठेवणारं अ‍ॅप डिझाइन करतोय. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिक करता येणारा नमुना तयार आहे.

पहिली अडचण अक्षरांची. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवली की वरचे रफार-वेलांट्या कापल्या जातात, खालचे उकार पुढच्या ओळीला चिकटतात. १.५ केली की मजकूर नीट दिसतो, पण ‘पट्टी जतन करा’ बटणात मावत नाही. बटण ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडवर स्क्रीनवरचं माप मोजायचं एकक) लहान करायचं नाही, काकवीच्या चिकट हातानं बोट नेमकं पडत नाही. मजकूर छोटा करू, की नुसतं ‘जतन’ पुरे? चित्रावर माझा भरवसा नाही. ‘जतन’साठीचं फ्लॉपीचं चित्र गुळव्याला (गूळ तयार करणाऱ्या कारागिराला) काय कळणार!

दुसरी, चाचणी. नमुना वापरून बघायला एका फेरीला ५ माणसं पुरतात म्हणतात, पण ती एकाच प्रकारची असतील तर. गुळव्या, मालक आणि मार्केट यार्डातले अडते यांची कामंच वेगळी. मग प्रत्येकी ५ घ्यावीत का? आधण चुलवाणावर असताना गुळव्याला हलता येत नाही, तेव्हा त्याला कधी गाठावं?

पोर्टफोलिओत हे काम दाखवताना पट्टीवरची नावं-दर झाकून खोटे आकडे टाकले, तर तसं लिहावं ना?