फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस, पायी आणि कमी खर्चात. क्रम कसा लावू? (तातडीने मदत हवी आहे)

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस हाताशी आहे. सगळं पायीच करायचं आहे, दोघांत मिळून ४० युरो, जेवण त्यातच. उफिझी संग्रहालय, मायकेलअँजेलोचा दाविदचा पुतळा, दुओमो कॅथेड्रलचा घुमट, पोन्ते वेक्कियो पूल आणि कोल्हापूरच्या महाराजांची छत्री एवढं बसवायचं आहे. आठवडाभर वाचतोय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो, डोकं बधिर झालंय. उफिझीचं बुकिंग आज रात्री करायचं आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा.

नकाशावाला
वार कोणता? महिना कोणता? रेल्वेने येताय की बसने? सामान बरोबर आहे का? परत किती वाजता? हे सांगितल्याशिवाय क्रम लावता येणार नाही.

चवदार
सान लोरेन्झोजवळच्या मेर्कातो सेन्त्राले मंडईत जा आणि लाम्प्रेदोत्तो खाच. गाईचं जठर मऊ शिजवून पावात घालून देतात. पाव रश्श्यात बुडवून मागा. फ्लॉरेन्सला जाऊन हे न खाता कोणी परत येऊ नये.

पाऊलवाट
आम्ही शाकाहारी आहोत. सोमवार आहे, ऑक्टोबरमधला. बसने येतोय, सकाळी साडेआठला पोचू. क्रम सांगा ना कोणीतरी.

शिल्पवेडी
थांबा, सोमवारी उफिझी बंद असतं आणि दाविद आहे ते अकादेमियासुद्धा! वाराचा उल्लेख तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये करायला हवा होता. शक्य असेल तर दिवस बदला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही दोन्ही सरकारी संग्रहालयं फुकट असतात, मात्र रांग फार मोठी असते.

पाऊलवाट
दिवस बदलता येत नाही, दोन्ही बाजूंची तिकिटं काढून झाली आहेत. मग बघायला उरलं काय?

शिल्पवेडी
पुष्कळ उरलं. पियाझ्झा देल्ला सिन्योरियात लोज्जा देई लांझी नावाची उघडी कमानदार ओसरी आहे. तिथे चेल्लिनीचा पर्सियस आणि जांबोलोन्याचं तीन आकृत्या एकमेकींत पिळलेलं संगमरवरी शिल्प आहे. दोन्ही अस्सल आहेत आणि तिकीट नाही. जांबोलोन्याच्या शिल्पाभोवती एक पूर्ण फेरी मारा. त्याला समोरची बाजू अशी नाहीच, दर चार पावलांवर नवा चेहरा पुढे येतो. दाविद मूळ याच चौकात उभा होता. १८७३ मध्ये त्याला अकादेमियात हलवलं आणि १९१० मध्ये जुन्या जागी प्रतिकृती बसवली.

इसारकाठ
प्रतिकृतीवर समाधान मानायला सांगणं मला पटत नाही. मी दाविदसमोर पाऊण तास उभा होतो. उजव्या हाताच्या शिरा दिसतात, त्या बाहेरच्या पुतळ्यावर पावसापाण्याने झिजल्यात. संग्रहालयं बंद असतील तर उतरूच नका, सरळ पिसाला जा. रेल्वेने साधारण एक तास लागतो.

शिल्पवेडी
त्यांनी पिसाबद्दल विचारलेलंच नाही. आणि ज्याच्या खिशात माणशी २० युरो आहेत त्याला उफिझी उघडं असतं तरी त्या दिवशी परवडलं नसतं.

नकाशावाला
घुमटाचंही तेच. वर चढायला वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं, माणशी ३० युरोच्या घरात जातं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. मात्र खाली कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही. ब्रुनेलेस्कीने तो घुमट लाकडी साच्याचा आधार न घेता विटांनी बांधत नेला, १४३६ मध्ये पुरा झाला. आतून वर बघितलंत की उंची कळते. उघडण्याआधी रांगेत उभे राहा, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.
पाऊलवाट, बस नक्की कुठे सोडते? व्हिला कोस्तांझा असेल तर ते शहराच्या बरंच बाहेर आहे.

पाऊलवाट
हो, व्हिला कोस्तांझाच. ते मध्यवर्ती नाही का?

नकाशावाला
नाही. तिथून टी-१ ट्राम घ्यावी लागेल, वीस-पंचवीस मिनिटं. मी गेलो तेव्हा तिकीट १.७० युरो होतं, ९० मिनिटं चालतं. चढल्यावर शिक्का मारायला विसरू नका.

गोदातीर
ही कोल्हापूरच्या महाराजांची छत्री म्हणजे काय प्रकार? शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ना?

तांबडापांढरा
नाही हो, ते नंतरचे. त्यांची कारकीर्द १९२२ ते १९४०. हे दुसरे राजाराम, १८६६ मध्ये गादीवर आले. १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने दहन झालं. तिथेच १८७४ मध्ये फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला अर्धपुतळा बसवला, वर छत्री. शेजारच्या मोठ्या पुलाचं नाव आजही पोन्ते आल्लिंदियानो आहे, म्हणजे भारतीय माणसाचा पूल. आपल्या मुलखापासून इतक्या लांब एका पोराची चिता पेटली, तिथे जाऊन नमस्कार करणारा कोणी असेल तर मला त्याचा आनंद वाटतो. ती जागा कार्यक्रमातून अजिबात काढू नका.

इसारकाठ
पण ती काशिने बागेच्या पार टोकाला आहे. स्टेशनपासून चालत एक तास जायला, एक तास यायला. एका पुतळ्यासाठी अख्खी दुपार?

तांबडापांढरा
तुम्ही दाविदसमोर पाऊण तास घालवलात, तोही पुतळाच होता की.

नकाशावाला
भांडू नका. पाऊलवाट, बरोबर कोण आहे? मित्र असेल तर हे सहज जमेल.

पाऊलवाट
बाबा आहेत. कोल्हापूरचे, वय ६६. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाटीवर चांगले चालतात, जिने नको म्हणतात. छत्री त्यांनाच बघायची आहे, खरं तर त्यासाठीच चाललोय. परतीची बस रात्री साडेनऊला. सामान म्हणजे फक्त एक पाठपिशवी.

नकाशावाला
हे आधी सांगितलं असतं तर घुमटाचा विषयच काढला नसता. आता ऐका. इथल्या बऱ्याच लहान चर्च दुपारी तीन-चार तास बंद असतात, ती वेळ बागेला द्या. सकाळी ट्रामने सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशन, तिथून दुओमो, मग सिन्योरिया, मग पोन्ते वेक्कियो. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. पुढे नदीकाठाने ओन्यिस्सांती चर्च. आत चित्रकार बोत्तिचेल्लीची कबर आहे, प्रवेश फुकट, बारा वाजायच्या आत पोचा. तिथून तसंच नदीच्या कडेने काशिने. सगळी वाट सपाट आहे. परतताना थकलात तर बागेच्या शहराकडच्या टोकाला काशिने नावाचाच ट्रामथांबा आहे, तिथून थेट व्हिला कोस्तांझा.

शिल्पवेडी
पाण्यावर पैसे घालवू नका. सिन्योरियात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ पालिकेचा नळ आहे, पाणी फुकट. कॉफी उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलं की दर वाढतो. जेवायला रिबोल्लिता मागा, पाव, घेवडा आणि पालेभाजीचं घट्ट सूप असतं. मांस घातलंय का ते विचारून घ्या. तिथल्या पावात मीठ नसतं, बाबांना आधी सांगून ठेवा.

चवदार
मंडईत शाकाहारीही मिळतं बरं का. तळमजला दुपारी लवकर आवरतात, वरचा मजला रात्रीपर्यंत चालू असतो.

उनाडकी
पियाझ्झाले मिकेलान्जेलो या टेकडीवरच्या चौकातून सूर्यास्त बघा! पायऱ्या नको असतील तर १२ नंबरची बस वर जाते.

पाऊलवाट (नऊ दिवसांनी)
जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफ करा.
दुओमोत बाबा घुमटाखालच्या बाकावर वीस मिनिटं मान वर करून बसले. ओन्यिस्सांतीला पोचेपर्यंत दार बंद झालं होतं, सिन्योरियात आमचाच वेळ गेला. जांबोलोन्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.
बागेत जाताना सव्वा तास लागला, तीन ठिकाणी बसलो. छत्रीभोवती कुंपण आहे, आत रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पगडी. सायकलवाले बाजूने जात होते, थांबलं कोणीच नाही. बाबांनी बूट काढले आणि ओल्या पाचोळ्यावर उभे राहिले. कोल्हापुरातून अंबाबाईचं कुंकू कागदाच्या पुडीत आणलं होतं, मला त्याचा पत्ताच नव्हता. ते कुंपणापाशी मातीत ठेवलं. मग चौथऱ्यावरचा इंग्रजी लेख त्यांनी मोठ्याने वाचला, मला अर्थ सांगत सांगत.
खर्च दोघांचा ३३ युरो. टेकडीवर गेलो नाही, गुडघा दुखायला लागला होता.

तांबडापांढरा
वडिलांना माझा नमस्कार सांगा. फोटो असेल तर टाका.

गोदातीर
मी मार्चमध्ये जाणार आहे, मंगळवारी. बागेत काही अडचण?

नकाशावाला
मंगळवारी सकाळी त्या बागेत मोठा आठवडी बाजार भरतो. गर्दी नको असेल तर दुपारनंतर जा. आणि बसने जाताय की रेल्वेने, ते आधी सांगा.