मदत हवी आहे: सोलरसाठी ट्रान्सफॉर्मर डीवायएन ११ की दुसरा?

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं सोलर २२ केव्ही फीडरला (सबस्टेशनहून येणाऱ्या वीजवाहिनीला) जोडायचंय. सल्लागार नेहमीचा डीवायएन ११ (एचटी म्हणजे उच्च दाबाच्या बाजूला डेल्टा, एलटी म्हणजे कमी दाबाच्या बाजूला न्यूट्रलसह स्टार जोडणी) सुचवतात. पण फीडरवर एका फेजला अर्थ फॉल्ट (जमिनीशी संपर्क) झाला, सबस्टेशनचा ब्रेकर उघडला आणि इन्व्हर्टर थोडा वेळ जरी चालू राहिले, तर एचटीला डेल्टा असल्याने न्यूट्रल अर्थच उरत नाही. बाकी दोन फेजचं जमिनीशी व्होल्टेज १.७३ पटीपर्यंत चढू शकतं. त्याच फीडरवरच्या शेजाऱ्यांचे लायटनिंग अरेस्टर (विजेच्या लाटेपासून वाचवणारी उपकरणं) जातील, ही माझी खरी काळजी. उलट एचटीला अर्थ केलेला स्टार, एलटीला डेल्टा घेतला, तर फॉल्टचा काही करंट आमच्याकडून जाणार आणि सबस्टेशनच्या अर्थ फॉल्ट रिलेला (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाला) तेवढा कमी दिसणार.

डीवायएन ११ ठेवून ओपन डेल्टा पीटीवर (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले (न्यूट्रल सरकल्याचं ओळखणारा) पुरेल का, की एचटीला न्यूट्रल अर्थ मिळवून देणारा झिगझॅग ट्रान्सफॉर्मर लावावाच? ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी असं काम केलं असेल, तर रिलेचं सेटिंगही कृपया सांगा.