घरकुलाला 307 आणि वाड्याला 168: गावची घरपट्टी मोजायची तरी कशावर?

पांढरीतला (यवतमाळ जिल्हा)

आमच्या ग्रामपंचायतीची नवी कर आकारणी यादी परवा फलकावर लागली. मी ती पहिल्या घर क्रमांकापासून शेवटपर्यंत वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

31 डिसेंबर 2015 च्या नियमबदलापासून ग्रामपंचायती भांडवली मूल्यावर घरपट्टी लावतात. त्याआधी ती क्षेत्रफळावर होती. आताचं गणित असं: जागेचं क्षेत्रफळ गुणिले रेडीरेकनरमधला (सरकारी दरपत्रकातला) जागेचा दर. त्यात मिळवायचं बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जितकं जुनं, तितकी किंमत कमी धरायची). बेरजेला वापराचा भारांक, म्हणजे गुणक, लागतो. राहत्या घराला 1, दुकान-कारखान्याला जास्त. जे मूल्य निघेल त्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे, ही झाली घरपट्टी. हे पैसे घराच्या प्रकारावर ठरतात. मातीच्या घराला सगळ्यात कमी, स्लॅबच्या घराला सगळ्यात जास्त.

वाचायला न्याय्य वाटतं. आता दोन घरं घ्या. आकडे समजुतीसाठी सोपे केलेत, गणित तेच आहे.

पहिलं घर घरकुल योजनेतलं, योजनेच्या किमान मापाचं, 25 चौरस मीटरचं. बाईला 1 लाख 20 हजार अनुदान मिळालं, वरचे पैसे बचत गटातून उचलले. जागा 30 मीटर, दर 200 रुपये, म्हणजे 6,000. बांधकाम 25 गुणिले 10,000, नवं म्हणून घसारा नाही, म्हणजे अडीच लाख. एकूण 2,56,000. स्लॅबला हजारी 1 रुपया 20 पैसे धरले तर घरपट्टी 307 रुपये.

दुसरं घर जुना वाडा. जागा 200 मीटर, म्हणजे 40,000. बांधकाम 150 मीटर, मातीच्या भिंतींचं म्हणून दर 4,000, आणि जुनं म्हणून किमतीच्या चाळीस टक्केच धरायची, म्हणजे 2,40,000. एकूण 2,80,000. मातीच्या घराला हजारी 60 पैसे. घरपट्टी 168 रुपये.

सहापट मोठ्या घराला जवळपास निम्मी पट्टी! त्या वाड्याला सागवानी खांब आहेत, दगडी जोतं आहे, मागं ट्रॅक्टर उभा असतो. पण कागदावर तो मातीचा. पूर्वी मातीचं घर म्हणजे गरिबाचं, हे बरोबर होतं. आता गरिबाचं घर सरकारी अनुदानातून स्लॅबचं होतं आणि मातीच्या जाड भिंती मोठ्या खातेदाराकडे उरल्यात. सूत्राला हे कळत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. घरकुलाच्या मापापर्यंतच्या घराला नाममात्र पट्टी असावी आणि त्यापुढे जेवढी जागा वापरली तेवढी चढती पट्टी. भिंत कशाची आहे हा प्रश्न दुसरा.

दोन टर्म सरपंच

भाऊ, तुमचं गणित चुकीचं नाही, पण तुम्ही दोन टोकांची घरं निवडली. त्याच यादीत रस्त्याला लागून कोणाचं दुमजली स्लॅबचं घर असेल, त्याची पट्टी काढा. ती घरकुलाच्या आठ-दहा पट निघेल. सूत्र त्याला बरोबर पकडतं.

क्षेत्रफळाचा काळ मी पाहिलाय. तेव्हा बस थांब्याजवळची जागा आणि नाल्याकाठची जागा एकाच मापात जायची. कमाई देणारी जागा आणि पावसाळ्यात पाणी शिरणारी जागा सारखी कशी?

तिसरं, आणि हे मी कळकळीनं सांगतो. हजारी पैशांचा दर शासन एका आकड्यात बांधून देत नाही. किमान आणि कमाल दिलेलं असतं, मधला दर ग्रामपंचायत ठरवते. तुमच्या पंचायतीनं स्लॅबचा दर किमानाला आणि मातीचा कमाल दराला नेला असता, तर तुमच्या उदाहरणातली तफावत कमी झाली असती. तो ठराव झाला त्या दिवशी किती लोक हजर होते? आमच्या गावात कर दराच्या विषयाला अकरा जण होते, त्यातले सात सदस्य.

अजूनही वेळ गेलेली नाही. यादीवर हरकत घ्या. नाही ऐकलं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली पंचायत समितीकडे अपील आहे, त्यापुढं जिल्हा परिषदेची स्थायी समिती.

पांढरीतला

सरपंचसाहेब, दराचा ठराव कधी झाला हे मला ठाऊक नव्हतं, ही माझी चूक. पण जागेच्या फरकाचं म्हणाल तर आमच्या सगळ्या गावठाणाला रेडीरेकनरमध्ये एकच दर आहे. थांब्याजवळचं हॉटेल आणि नाल्याकाठची झोपडी आजही एकाच दरात आहेत. जो फायदा तुम्ही सांगता तो शहराला मिळत असेल, आम्हाला नाही.

कापूसवाला

माहं सांगनं वेगळंच हाय. पट्टी किती, ह्या वादात मी पडत नाई. कधी मागता, थे पाहा.

30 सप्टेंबरच्या आत भरली तं पाच टक्के सूट. आन 31 मार्चनंतर बाकी राह्यली तं पाच टक्के दंड. हे तारखा कोनं ठरवल्या? सप्टेंबरात आमच्या घरात पैसा कोठून येते? पोळा होऊन जाते, फवारन्याचे पैसे कृषी केंद्रात उधार असते, लेकराइच्या फिया भरल्या असते. सोयाबीन दसऱ्याच्या आगंमागं निंघते. कापसाची सीतादही, म्हंजे पयल्या येचनीची पूजा, करतो थे दसऱ्या-दिवाळीच्या टायमाले, आन पैसा हातात येते त्याच्याही मंग. म्हंजे सूट भेटते कोनाले? ज्याले महिन्याले पगार हाय त्याले. माह्या बापानं उभ्या जिंदगीत एकदाही थे सूट घेतली नाई, आन एक सालही पट्टी बुडवली नाई.

सूट डिसेंबरपावतर करा. मंग पाहा वसुली कशी होते थे.

ग्रा.पं. ऑपरेटर, वर्धा

कापूसवाले दादांचं शंभर टक्के बरोबर. मी पावत्या फाडतो म्हणून सांगतो. आमच्याकडं सप्टेंबरमध्ये शिक्षक, एसटीतले आणि पेन्शनर येतात. डिसेंबर-जानेवारीत शेतकरी स्वतःहून येतात, सूट नसतानाही. मार्चमध्ये उरलेले येतात, तेही दाखला पाहिजे म्हणून.

पण मूळ धाग्याला माझा विरोध आहे. पट्टी कमी करायची मागणी सगळे करतात, खर्चाचं कोणी बोलत नाही. 2021 ते 2026 च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. मग नळ सोडणाऱ्याचा आणि नाली काढणाऱ्याचा पगार निघतो तो घरपट्टी-पाणीपट्टीतून. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. वसुलीच नाही तर हे टक्के कशाचे काढायचे? मागच्या उन्हाळ्यात वीजबिल थकून आमच्या विहिरीवरच्या मोटरीची लाइन कापली. नऊ दिवस बाया शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. थकबाकी बघितली तर सगळ्यात मोठी नावं घरकुलवाल्यांची नव्हती, हे मात्र मी कबूल करतो.

सध्या पुण्यात

माझं गावाकडचं घर सहा वर्षं बंद आहे. आई-वडील माझ्याकडे असतात. तरी घरपट्टीसोबत दिवाबत्ती आणि आरोग्य कर येतो, पाणीपट्टीही येते. नळ मी बंद करून घेतला होता. वापर नाही तिथे सेवेचा कर कसा?

दोन टर्म सरपंच

नळ बंद केल्याचा अर्ज आणि पोच असेल तर पाणीपट्टीवर हरकत घ्या, तुमची बाजू बरोबर आहे. दिवाबत्तीचं मात्र पटत नाही. खांबावरचा दिवा तुमच्या दारासमोर रोज लागतो. तुमच्या बंद घराची चोरी झाली नाही त्यात त्या दिव्याचाही वाटा आहे.

नाल्याकाठची

तुम्ही सगळे पट्टी जास्त की कमी यावर बोलताय. आमची मागणी वाचा: आमच्यावर पट्टी लावा.

आम्ही चौदा घरं सरकारी जागेवर आहोत. माझी सासू या घरात आली तेव्हा कुडाच्या भिंती होत्या, आता विटा आणि टिनं आहेत. आमची नोंद नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नाही. नमुना आठ नाही म्हणून विजेच्या मीटरला अडचण, घरकुलाला अडचण, बँकेत तर विचारूच नका. 1 जानेवारी 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय 2018 मध्ये शासनानं घेतला. आमची घरं त्याच्या कितीतरी आधीची. पण पुरावा काय, तर कराची पावती दाखवा म्हणतात. पावती कशी येणार, कर लावलाच नाही तर!

तीनशे रुपये जास्त वाटत असतील त्यांना वाटोत. मला ती पावती माझ्या नावानं पाहिजे, नवऱ्याच्या नावासोबत.

रेकॉर्डवाला

ताई, तुमची अडचण खरी आहे, पण एक धोका सांगणं भाग आहे. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. उताऱ्यावर मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा, म्हणजे तिथं राहणाऱ्याचा, वेगळा असतो, तो याचसाठी. आमच्या भागात गायरानावर आधी टिनाचं शेड, मग कराची पावती, मग शंभराच्या बाँडवर विक्री, असं होऊन गावाची ढोरं चारायची जागा संपली. विकणारे गरीब नव्हते. प्रत्येक शेडला नोंद द्यायची म्हटलं तर उरलेलं गायरानही जाईल. माझा अशा सरसकट नोंदीला विरोध आहे.

मालकीसाठी खरा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होते, सनद मिळते. कर आकारणीलाही तोच नकाशा वापरावा. पायरीवर उभं राहून अंदाजानं लिहिलेली लांबी-रुंदी किती वर्षं चालवायची?

नाल्याकाठची

दादा, ड्रोन आमच्या गावात येऊन गेला. त्यानं गावठाण मोजलं. आमची चौदा घरं गावठाणाच्या बाहेर पडतात, म्हणून आम्हाला सनद नाही. ज्यांचं आधीच कागदावर होतं त्यांना आणखी एक कागद मिळाला. शेड टाकून विकणारा आणि तीन पिढ्या राहणारा यांत फरक करायचा असेल तर घरात येऊन बघा. चूल कुठं आहे, लेकरं कुठल्या शाळेत जातात, मतदार यादीत नाव कधीपासून आहे. हे सगळं गावाला माहीत असतं.

रेकॉर्डवाला

चूल बघून नोंद करायची, हे मान्य. राहतं घर आणि रिकामं शेड एका मापानं मोजू नये. भोगवटादार म्हणून नोंद आणि जमीन सरकारची हा शेरा, असं असेल तर माझी हरकत नाही.

समृद्धीच्या शेजारी, वाशिम

भांडवली मूल्यातली आणखी एक खोच. आमच्या शिवारातून महामार्ग गेला. जमिनीचे भाव वाढले, त्याच्या मागं रेडीरेकनर चढतो. 1 एप्रिल 2025 पासून राज्याच्या ग्रामीण भागात तो सरासरी 3.36 टक्क्यांनी वाढला. ज्यानं रस्त्यालगतची शेती विकली तो गेला तालुक्याला बंगला बांधायला. त्याची विकलेली शेती शेतसाऱ्यात मोडते, तिला घरपट्टी नाहीच. आणि गावठाणात जुन्या घरात राहणाऱ्या मजुराची मजुरी तेवढीच. ज्या घराला कोणी विकतही घेणार नाही त्याचं बाजारमूल्य कागदावर वाढलं म्हणून त्यानं का भरायचं?

ग्रा.पं. ऑपरेटर, वर्धा

रेडीरेकनर बदलला म्हणजे लगेच पट्टी बदलत नाही. यादी चार वर्षांनी सुधारते. पण चार वर्षांनी एकदम उडी बसते, हेही खरं. लोकांना तेव्हाच धक्का बसतो.

पांढरीतला

सगळ्यांचं वाचलं. क्षेत्रफळावर परत जावं हा माझा हट्ट मी थोडा सैल करतो. सरपंचसाहेबांनी सांगितलेला किमान-कमाल दराचा रस्ता आजच्या नियमात बसतो आणि मुंबईला न जाता गावातच सुटतो. पण वाड्याला मातीच्या वर्गात टाकणं मी मान्य करणार नाही. दगडी जोतं, सागवानी छत आणि शंभर वर्षं टिकलेली भिंत, याला झोपडीच्या रांगेत बसवणं म्हणजे झोपडीवाल्याची थट्टा आहे.

काल ग्रामपंचायतीत जाऊन आलो. यादीची आणि दराच्या ठरावाची नक्कल मागितली, अर्जाची पोच घेतली. घरकुलवाल्या नऊ बायांनी हरकतीवर सह्या केल्यात. त्यात तीन मागण्या आहेत: स्लॅबचा दर किमान ठेवा, वाड्यांचं मोजमाप पंचांसमोर पुन्हा करा, आणि कापूसवाले दादांचं म्हणणं, सूट द्यायची तारीख डिसेंबर करा. तिसरी गोष्ट पंचायतीच्या हातात नाही हे मला माहीत आहे. ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवू.

ज्यांचा वाडा आहे ते माझे सख्खे चुलते आहेत. त्यांना आधीच जाऊन सांगितलं. ते रागावले, जेवायला थांब म्हणाले नाहीत.

दोन टर्म सरपंच

चुलत्यांना सांगितलं ते फार चांगलं केलं. मोजायला जाल तेव्हा त्यांनाच टेपचं एक टोक धरायला सांगा. आणि ढोरांचा कोठा घराच्या मापात धरला असेल तर तो वेगळा दाखवायला लावा, त्यांचाही आणि घरकुलवाल्या बायांचाही.

नाल्याकाठची

नक्कल मागायचा अर्ज कसा लिहिला तो इथे टाकाल का? उद्या आम्ही चौदाही जणी जातोय.