बारा तारी गिटार घेताना: हाताला सोपी, कानाला गोड (अनुभव धागा)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. सहा तारी गिटार वाजवायला लागून मला नऊ वर्षं झाली. शाळेत मुलांच्या गाण्यांना साथ करते आणि संध्याकाळी तासभर घरी, स्वतःसाठी. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानात बारा तारी पहिल्यांदा हातात घेतली. नुसती जी कॉर्ड छेडली आणि अंगावर काटा आला. लहानपणी आजोबांच्या खोलीत तंबोरा लागला की भिंतीसुद्धा सुरात आहेत असं वाटायचं, अगदी तसं झालं.

पण पाच मिनिटांत डावं मनगट भरून आलं. एफ तर धरताच येईना. दुकानदार म्हणाला, "बारा तारी म्हटल्यावर दुखणारच, सवय होईल." मला ते काही पटलं नाही. चार-पाच गिटारी शेजारी ठेवून बघायची सोय मला इथे कोल्हापुरात सापडली नाही, म्हणून तुम्हाला विचारते. ज्यांनी घेतली, विकली, परत घेतली, त्यांनी सगळ्यांनी सविस्तर लिहा. माझी बोटं बारीक आणि आखूड आहेत, हेही सांगून ठेवते.

उद्यमनगरवाला

ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरंच झालं. सवयीवर मीही विश्वास ठेवला होता आणि त्यात माझी दोन वर्षं गेली.

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. दिवसभर हातात वर्निअर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). पण घरातली गिटार मोजावी हे डोक्यात यायला दोन वर्षं लागली. एका रविवारी घरी बसून मोजलं. बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) जाड ई तार पडद्यापासून ३.४ मिलिमीटर वर! बारा तारीला तिथे २ ते २.४ पुरतात, बारीक ई कडे १.६ ते १.८. मग पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, चौदाव्यावर तार दाबली आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी फिलर गेज सारली. ०.५ ची पट्टी आरामात आत गेली. तिथे ०.२ ते ०.२५ असावं. म्हणजे गिटारीची मान धनुष्यासारखी वाकलेली होती. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव-पाव फेरा फिरवत, मध्ये एक दिवस थांबत, ती सरळ केली.

तरी एफ दुखायचीच. खरा चोर नटमध्ये होता, म्हणजे मानेच्या शेंड्याकडच्या खाचांच्या पट्टीत. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या पडद्यावर बघायचं. तिथे जेमतेम केसाएवढी फट हवी. माझ्याकडे पोस्टकार्ड गेलं असतं. नटच्या खाचा कारखान्यात उथळ ठेवलेल्या, म्हणून पहिल्या पडद्यावर तार दाबायला इतका जोर लागायचा, आणि तार ताणली जाऊन सूरही चढा यायचा. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून बाराही खाचा घासून घेतल्या आणि त्याच गिटारीवर त्याच हाताने एफ लागली.

दुकानात जाताना सहा इंची स्टीलची पट्टी आणि शंभर रुपयांची फिलर गेज खिशात घेऊन जा. कुणी हसलं तरी चालेल. आणि एक लांब सरळ पट्टी पडद्यांवर ठेवून घोडीपर्यंत (पाटीवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यापर्यंत) न्या. पट्टी घोडीच्या माथ्यावर टेकली तर मान ठीक. माथ्याच्या खाली अडली तर मानेचा कोन गेलेला आहे, ती गिटार कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. ते काम सॅडल (घोडीवरची हाडाची पट्टी) घासून निभत नाही, मान काढून परत बसवावी लागते.

तंबोरा

वरच्या मित्राने हाताचं सांगितलं, मी कानाचं सांगतो. माझं वय एकाहत्तर, इथल्या देवल क्लबच्या गाण्याच्या मैफली ऐकत मोठा झालो. नातू गिटार वाजवतो, त्याच्यामुळे या वाद्याशी गाठ पडली.

बारा तारीत सहा जोड्या असतात. वरच्या दोन जोड्या, म्हणजे बी आणि बारीक ई, एकाच सुरात. खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या सोबत एक सप्तक वर लावलेली बारीक तार. दोन तारा कधीच अगदी तंतोतंत एका सुरात नसतात, त्या सूक्ष्म फरकातून ती झळाळी येते. तंबोऱ्यात हे काम जवारी (घोडीचा घासून साधलेला माथा) आणि जीवा (तारेखालचा दोरा) करतात. रस्ता वेगळा, पण कानाला मिळणारा आनंद फार जवळचा आहे.

नातवाला गिटार घेताना मी त्याला कॉर्ड वाजवूच दिली नाही. एकेक जोडी सावकाश छेडायला लावली आणि आवाज विरेपर्यंत थांबायला सांगितलं. पहिल्या गिटारीत बारीक तारा इतक्या पुढे की जाड तारेचा खर्ज ऐकूच येईना, नुसती घुंगरं. दुसरीत खर्ज होता, पण तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला सगळं मिटलं. तिसरीत जाड तार आधी भरून आली, तिच्या खांद्यावर बारीक तार बसली आणि दोघी मिळून विरल्या. तीच घेतली. कोणत्या लाकडाची आहे हे घरी आल्यावर वाचलं.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. घोडीवर किंचित खरखर होती, म्हणून पॅसेंजरने मिरजेला गेलो. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हात तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. कारागिराने कान लावला आणि लगेच म्हणाला, "जवारी खुली झालीय हिची." बरोबर ओळखलं. सॅडलचा माथा सपाट झाला होता आणि तार त्यावर घासत होती. सतारीला जे हवं तेच गिटारीत दोष ठरतं. ते त्याने छान गोल करून दिलं. पण मीच हट्ट करून मानेलाही हात लावायला सांगितला आणि ट्रस रॉड हा प्रकार त्यांच्या वाद्यात नसतोच. पुढे ते निस्तरायला पुण्याला जावं लागलं. सॅडलच्या हाडाचं काम मिरजेला जरूर करा, मानेचं गिटारवाल्याकडेच.

पेठेतला

मी लई घाईत घेतली, ते सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाचं नुकसान व्हायला नको.

गणपतीच्या आधी आमच्या तालमीच्या पोरांचा कार्यक्रम ठरला. भावाने ऑनलाइन एक स्वस्तातली बारा तारी दाखवली, चकचकीत, काळी. मागवली. आली तेव्हा आवाज बरा होता की. मी सरळ ई मध्ये, म्हणजे नेहमीच्या सुरात लावली आणि तशीच महिनाभर भिंतीला टांगून ठेवली, ऐन पावसाळ्यात. नवव्या आठवड्यात घोडीच्या मागची पाटी फुगून वर आली, घोडीखाली नख जाईल एवढी फट पडली. एक दिवस रात्री "टक्क" असा आवाज झाला, आई उठून बसली. घोडी उखडली होती.

नंतर कळलं, सहा तारांचा ओढा मिळून साधारण ७० ते ७५ किलो असतो आणि बारा तारांचा ११० किलोच्या आसपास. एवढं वजन त्या पातळ पाटीवर दिवसरात्र लटकलेलं. स्वस्त गिटारीत आतल्या पट्ट्या एकतर कच्च्या, नाहीतर उगाच जाड. जाड असल्या की गिटार टिकते, पण आवाज कोंडतो.

घेताना घोडीमागे तळहात फिरवा. थोडा उंचवटा सगळ्या बारा तारींत असतो, पण टेकाड नको. घोडीच्या कडेला कागद सरकवून बघा, कुठंही आत जाता कामा नये. मी आता वाजवून झालं की अर्धा सूर खाली सोडून केसमध्ये ठेवतो.

रंकाळाकाठ

सगळे इतकं मनापासून लिहिताय, खरंच आभार. एक शंका: कायमचीच खाली लावली तर चालते का? शाळेतल्या बाजाच्या पेटीशी सूर जुळायला हवा.

कावळा नाका

ताई, चालते आणि चालवाच. मी रविवारी चर्चमध्ये बारा तारी वाजवतो, सोबत कीबोर्ड असतो. माझी कायम एक पूर्ण सूर खाली, म्हणजे ई च्या जागी डी. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की नेहमीच्या कॉर्ड, नेहमीची पट्टी, पेटीशी तंतोतंत. त्याच तारा एक सूर खाली आणल्या की ओढा साधारण २० टक्क्यांनी कमी होतो. तुमच्या मनगटाला हा फरक पहिल्या मिनिटाला कळेल. शिवाय कॅपो लागला की नटची उंची आपोआप बाद होते. अमेरिकेतला लेड बेली हा गायक आपली स्टेला बारा तारी कितीतरी खाली लावून वाजवायचा. आवाज खाली आल्याने बिघडत नाही, उलट भरदार होतो.

पण कॅपो चांगला घ्या. जोडीतली एक तार जाड, शेजारची केसाएवढी. मऊ रबराचा कॅपो जाड तारेवर बसतो आणि बारीक तार मोकळी राहून भणभणते. मी तीन बदलले, शेवटी स्क्रूने आवळायचा घेतला.

तारा १०-४७ च्या संचाहून (पहिली ई .०१० इंच, सगळ्यात जाड .०४७) जाड लावू नका. त्यात तिसऱ्या जोडीची बारीक जी तार .००८ इंचाची असते. ती सगळ्यात वरच्या सुराची, पहिल्या ई पेक्षाही चढी, त्यामुळे तुटते तीच. सुट्ट्या दोन-चार घेऊन ठेवा. सूर लावताना आधी सहा मुख्य तारा लावा, मग त्यांच्या जोडीदार, मग पुन्हा पहिल्यापासून एक फेरी. मधल्या वेळात मानेवरचा ओढा बदललेला असतो.

हातवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ताराबाई पार्कात बसते. माझेही हात लहान, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अनुभवातून देता येईल.

लहान हाताला अरुंद नट, असं मी धरून चालले होते. म्हणून ४४.५ मिलिमीटर नटची गिटार शोधली. महिनाभरात कळलं, जोड्या इतक्या चिकटलेल्या की डी कॉर्डची बोटं शेजारच्या जोडीला लागून ती मुकी व्हायची. ते टाळायला मी बोटं अगदी उभी धरायचे आणि अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. पुढे मैत्रिणीची टेलर १५०ई वाजवली. तिचा नट ४७.६ मिलिमीटरचा, म्हणजे कागदावर माझ्यासाठी मोठाच. पण हाताला ती सोपी गेली, कारण मानेची जाडी कमी होती आणि बोटांना जागा होती. रुंदी आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान हाताला त्रास मुख्यतः जाडीचा होतो.

जोडीतल्या दोन तारांमधलं अंतरही बघा. फार लांब असतील तर बोटाचं टोक एका तारेवर बसतं आणि दुसरी निसटते. फार जवळ असतील तर जोरात छेडल्यावर एकमेकींना आपटतात.

दुकानात उभं राहून, पट्टा लावून किमान वीस मिनिटं वाजवा. बारा खुंट्यांमुळे शेंडा जड असतो. हात सोडला की मान खाली झुकत असेल, तर तुमचा डावा हात कॉर्ड धरण्याबरोबर वजनही उचलणार. पाचव्या मिनिटाला मनगट भरून आलं म्हणता, त्यात याचाही वाटा असू शकतो. बोटांची टोकं हुळहुळली तर ती सवयीने बरी होतात. मनगटात किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखणं मात्र सहन करत राहू नका.

विद्यापीठ रोड

दोन शब्द आकारावर. मी आधी ड्रेडनॉट (नेहमीच्या मोठ्या आकाराची) घेतली, नंतर जुनी गिल्ड जंबो (त्याहून रुंद पोटाची) मिळाली. जंबोचा खर्ज मोकळा आहे, तारा एकमेकींत मिसळत नाहीत. पण तिच्या रुंद पोटावरून उजवा हात टाकून बसलं की तासाभरात खांदा अवघडतो. ताई, तुम्ही खुर्चीत बसून मुलांकडे बघत वाजवणार, तुम्हाला ड्रेडनॉट किंवा त्याहून आटोपशीर बरी.

सॉलिड टॉप (एकसंध लाकडाची वरची पाटी) ओळखायला आवाजाच्या भोकाची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरल्या तर सॉलिड. मध्ये थर दिसले तर प्लाय. प्लायला मी नावं ठेवत नाही. २०१९ च्या पुरात आमचं घर आठ दिवस बंद होतं, माळ्यावर दोन गिटारी होत्या. पाणी तिथवर गेलं नाही, पण दमट हवा गेलीच. सॉलिडची पाटी फुगून ॲक्शन (तारांची उंची) चढली, प्लायची जशीच्या तशी. सॉलिड घेणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती केसमध्येच, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि मोजमाप पावसाळा संपल्यावर परत करा.

गंगावेस

मी विकली, आणि त्याचं मला दुःख नाही. मला एकेक तार बोटांनी छेडून वाजवायला आवडतं. बारा तारीवर प्रत्येक बोट दोन तारांवर पडतं, माझं नाजूक काम त्यात हरवायचं. छेडून साथ करणाऱ्यासाठी ती सोन्याची आहे, तुम्ही तेच करता म्हणून घ्या. फक्त सहा तारी विकू नका.

रंकाळाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. यामाहा एफजी८२०-१२ घेतली, सॉलिड स्प्रूस टॉपची. मुंबईला भावाकडे गेले होते, तिथे चार गिटारी बघितल्या. पट्टी काढली तेव्हा दुकानातला मुलगा हसला नाही, उलट दिवा जवळ आणून दिला. जाड ई खाली २.७ भरले. नट आणि सॅडल घासून द्याल तरच घेते म्हटलं. दुसऱ्या दिवशी २.१ करून मिळाली.

डी मध्येच लावली आहे. तंबोरा काकांनी सांगितलं तसं एकेक जोडी विरेपर्यंत ऐकली, चौथ्या जोडीपाशी डोळे भरून आले. काल प्रार्थनेला कॅपो लावून वाजवली. पहिल्या रांगेतली मुलगी नंतर विचारायला आली, "बाई, आत अजून कोण वाजवतंय?" चाळीस मिनिटं वाजवूनही मनगट शांत होतं.

फक्त संध्याकाळी .००८ गेली. इथे सुटी कुठे मिळेल?

उद्यमनगरवाला

माझ्याकडे सहा आहेत. उद्या शाळा सुटल्यावर या, आणि गिटारही आणा, एकदा मोजून बघू.