यूटात नवीन आलोय, आजूबाजूला सगळे मॉर्मन. जरा समजावून सांगा ना!

ऋता_क:
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून लीहायला (सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला) राहायला आलोय. सामान उतरवायला न बोलावता चार-पाच शेजारी हजर, संध्याकाळी घरचा ब्रेड. आता समोरच्या बाईंनी लेकीला चर्चमधल्या मुलांच्या कार्यक्रमाला बोलावलंय. परवा पांढरे शर्ट, टाय आणि काळ्या नामपट्ट्या लावलेली दोन पोरं आली, दोघंही 'एल्डर', वय जेमतेम वीस! चहा विचारला तर गोड हसून नको म्हणाली. हे लोक ख्रिश्चनच ना? अनेक बायका करणारे ते हेच का? आणि मागे लागतात का?

मिरजेची_माई:
ऋता, तू म्हणते, चालेल ना? मी सँडीत राहते, मुलं इथेच वाढली. तुला आधी वॉर्ड समजायला हवा, मग शेजारी समजतील. इथे माणूस आवडेल त्या चर्चला जात नाही, घराच्या पत्त्यावरून वॉर्ड ठरतो. आसपासच्या काही गल्ल्यांचा एक वॉर्ड, अशा काही वॉर्डांचा एक स्टेक. वॉर्डचा प्रमुख बिशप. त्याला पगार नाही, तो पोटापाण्याचं काम सांभाळून हे करतो. आमच्याकडचा एक बिशप दातांचा डॉक्टर होता. काही वर्षांनी जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. रविवारची भाषणंसुद्धा सभासदच करतात, त्यामुळे कधी उत्तम, कधी झोप येईल अशी.

कोणाकडे बाळ झालं, कोणाची नोकरी गेली, हे सगळं वॉर्ड बघतो. बायकांची रिलीफ सोसायटी 1842 पासून आहे. पहिल्या रविवारी उपास करतात आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. तू सभासद नसलीस तरी राहतेस त्यांच्याच हद्दीत, म्हणून तो ब्रेड. त्यात डाव शोधू नकोस. अगदी निर्हेतुक असतं असंही नाही, पण माणसं मनापासून चांगली असतात.

इतिहास थोडक्यात. जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावाजवळचा शेतकऱ्याचा मुलगा. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर दैवी मदतीने भाषांतरित केला, असं त्याचं म्हणणं. तो 'बुक ऑफ मॉर्मन'. 1830 मध्ये ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी चर्च स्थापन झालं. पुढे ओहायो, मिझुरी, इलिनॉय, जिथे जातील तिथून हाकललं. 1838 मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरने यांना संपवा नाहीतर राज्याबाहेर घालवा असा हुकूमच काढला, आणि तो अधिकृतपणे रद्द व्हायला 1976 उजाडलं! 1844 मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. मग नवा नेता ब्रिगम यंगच्या मागे बैलगाड्यांनी निघून 24 जुलै 1847 ला ते या खोऱ्यात पोचले. त्या दिवशी इथे राज्याची सुट्टी असते. फटाके 4 जुलैइतकेच, तयारी ठेव.

ख्रिश्चन? ते तसंच म्हणवतात, चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे ('द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'). 2018 पासून अध्यक्षांनी 'मॉर्मन' न म्हणता पूर्ण नाव घ्या असा आग्रह धरलाय. इतर अनेक पंथ त्यांना आपल्यात धरत नाहीत. बायबलच्या जोडीला वेगळा ग्रंथ हे एक कारण, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन वेगळे मानतात आणि पित्यालाही शरीर आहे म्हणतात, हे दुसरं.

अनेक बायका: 1852 मध्ये ही प्रथा जाहीरपणे मान्य केली, केंद्र सरकारच्या दट्ट्यामुळे 1890 मध्ये बंदी जाहीर केली, 1896 मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज कोणी केलं तर चर्चमधून काढतात. बातम्यांतले ते फुटीर गट वेगळे. शेजाऱ्यांना हा प्रश्न विचारू नकोस, ते कंटाळलेत.

ती 'एल्डर' पोरं म्हणजे चर्चचे प्रचारक. मागे लागत नाहीत, स्पष्ट नको म्हटलं की ऐकतात. खरी अडचण मुलांची. रविवारी गल्ली सुनी. वर्गातले सगळे मित्र एकाच वॉर्डातले असले की आपलं मूल जरा बाहेर राहतं. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न त्यांच्या मंदिरात (रविवारच्या चर्चहून वेगळी वास्तू) झालं, तिथे ठरावीक सभासदांनाच प्रवेश. आम्ही नटूनथटून बाहेर बागेत बसलो, फोटोला आणि जेवणाला मात्र पुढे!

भटका_जोशी:
माईंनी छान लिहिलंय. माझी भर: सॉल्ट लेकमधलं त्यांचं वंशावळ ग्रंथालय नक्की बघा, कोणालाही फुकट. कुटुंब मरणानंतरही टिकतं आणि मेलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो अशी श्रद्धा, म्हणून जगभरची दप्तरं गोळा केली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा! मायक्रोफिल्म करून ठेवल्यात. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे आजोबांची सही शोधणाऱ्या माझ्यासारख्याला तिथून उठवत नाही. मात्र नात्यात नसलेल्यांची नावं बाप्तिस्म्याला घातली म्हणून, विशेषतः नाझी छळात मेलेल्या ज्यूंबाबत, मोठा वाद झाला, आणि चर्चला नियम करावे लागले. तो राग मला रास्त वाटतो.

आणखी एक गंमत: 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईत उतरला आणि पुण्यालाही गेला. फार काही जमलं नाही. आता बंगळुरात त्यांचं मंदिर बांधायला घेतलंय, 2018 मध्ये घोषणा झाली.

ऋता_क:
माई, धन्यवाद! लेकीला पाठवते. त्या मुलांना प्यायला मग काय देऊ?

मिरजेची_माई:
1833 च्या नियमाने दारू, तंबाखू, कॉफी आणि चहापत्तीचा चहा वर्ज्य. गवती चहा आणि आल्याचा काढा चालतो, पत्ती तेवढी टाकू नकोस. ती पोरं दोन वर्षं घरापासून लांब, स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या पैशाने फिरतात, भुकेलेली असतात. पोहे कर. आणि वसंतात स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरातल्या होळीला या. रंग खेळणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हीच मंडळी दिसतील.